बाक बदलून

होटगी रोडच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते
आणि आम्ही, दहावी ब, सन चौऱ्याऐंशी,
एकमेकांच्या केसांकडे बघत होतो,
म्हणजे जिथे केस होते तिथे.
"काय करूलालास बे आता?"
इरण्णानं विचारलं, तेव्हा कुठं
सगळ्यांची सोलापुरी जिभेवर परतली,
पुण्याहून आलेल्यांचीसुद्धा.

माइक फिरत गेला.
रेवणसिद्ध: दोन बायपास, एक पेट्रोल पंप.
दस्तगीर: माग विकले, भंगारात, किलोवर.
म्हणाला, खटखट थांबली
त्या रात्री घरात कुणालाच झोप लागली नाही.
अंबादास भिवंडीहून आलेला. उभा राहिला,
"माझं काय, चाललंय" म्हणाला आणि बसला.
सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला.

मग भोंग्यावरून भांडण.
गिरणीचा भोंगा साडेतीनला व्हायचा की चारला?
कुणाला त्यात भूगोलाचा तास ऐकू येत होता,
कुणाला घरी निघालेला बाप.
गिरणी असती तर जाऊन विचारलं असतं.

ती उशिरा आली.
दारातच चप्पल काढली,
आत कुणीच काढली नव्हती.
माझ्या शेजारच्या खुर्चीच्या कडेला टेकली.
नावाचा बिल्ला तिला कुणी दिला नव्हता.
ताटाखालचा कागदी रुमाल तिनं उचलला,
चिमटीत धरला, वळला, टोक नखानं मुडपलं.
एक विडी. बिनतंबाखूची.
बोलण्याकडे कान, आणि बोटं आपली चाललेली.
मग दुसरी.

राज्यलक्ष्मी. राज्यलक्ष्मी गुंडेटी.

आठवीत माझ्या बाकावर होती.
स्टाफरूमच्या दारात उभं राहून मी म्हटलं होतं,
मठपती बाई, तिच्या हाताला तंबाखूचा वास येतो,
माझं डोकं दुखतं.
दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या बाकावर, खिडकीशी.
नववीत आलीच नाही.
या दोन गोष्टींना मी एकच दोरा गुंडाळला
आणि चाळीस वर्षं तो सोडला नाही,
नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आज सांगावं म्हणून तोंड उघडलं,
तर तीच म्हणाली,
"प्रमिला ना तू? रेल्वे क्वार्टरची?
तुला एक सांगायचं राहिलंय गं.
मीच बाईंना म्हटलं होतं, मला उठवा तिथून.
तुझ्या डब्यात शेंगाची चटणी, तूप लावलेली पोळी.
डबा दप्तरात असला तरी मला वास यायचा.
मी पहाटे दोनशे वळून यायची, नुसत्या चहावर.
फळ्यावरचं काही दिसायचंच नाही.
तुला वाईट वाटलं असेल."

मठपती बाई,
तुम्ही दोघींचं ऐकलंत
आणि एकीचंही दुसरीला कळू दिलं नाहीत.
कुठे ठेवलं होतंत एवढं?

ती सांगत होती, मुलगा हैदराबादला,
गुडघे गेले, सूप माळ्यावर टाकलं.
रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही.
पानांनी रेघा खाल्ल्या.
"मशीन म्हणतंय ही बाई ती नव्हेच.
तू बरी ओळखलीस."
हसताना तिनं तळहात पुढे केला,
गुळगुळीत, हॉलच्या ट्यूबलाइटखाली चमकणारा,
जसा काही अजून कुणी वापरलाच नाही.

तेव्हा सांगता आलं असतं.
मी म्हणाले,
"वाटलं होतं गं वाईट. थोडंसं."
तिनं माझा हात दाबला, माफी मागितल्यासारखा,
आणि मी तो दाबू दिला.

रात्री पर्स उपसली तर
कागदाच्या सात विड्या निघाल्या.
कधी ठेवल्या, तिनं की मी, आठवत नाही.
दिवा घालवायच्या आधी
एकेक करून नाकाशी धरल्या.
कशालाच
कसलाच वास नव्हता.