ताणा कुठाय

मे महिना. अक्कलकोट रोडवर त्रेचाळीस अंश,
माझ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात अठ्ठावीस.
हे जिवाणू अंगाच्या तापाला विणायला बसत नाहीत,
मीठही चालत नाही त्यांना.
दोन दिवस ताटलीत काही दिसत नाही,
तिसऱ्या सकाळी लाल,
सुरकुतलेले, कोरडे, ब्याडगी मिरचीच्या सालासारखे.

बाटलीवर लिहिलंय : काँगो रेड, पंचवीस ग्रॅम.
किंमत ऐकून बाप, पोचय्या चिट्याल,
साखर पेठेतल्या रंगखान्यात बावीस वर्षं,
पोट धरून हसला.
एवढ्याला? आम्ही डब्यानं ओतायचो.
सूत बुडवलं की धरलंच त्यानं.

तो रंग आता कापडाला लावत नाहीत.
का, ते त्याच्या फाईलमध्ये आहे,
मूत्राशयाच्या पानावर.
मी ते पान पालथं ठेवते.

पुण्याहून फोटो आला, लाखपट मोठा केलेला.
पेशीच्या अंगावर सगळा गुंता,
कांडीवरून निसटलेल्या सुताचा असावा तसा.
चष्मा कपाळावर ढकलून त्यानं पाहिला.
कोण विणतं?

कोणीच नाही.
साखळी आतून सुटी येते, उलगडलेली,
वईच्या डोळ्यातून धागा यावा
तशी भिंतीतल्या भोकातून.
बाहेर एक तुकडा आधीच बसलेला असतो, भिंतीला टेकून.
त्याला लागूनच ही घडी घालते :
जाते, वळते, परत येते,
पाच वेळा.
मग दुसरी हिच्यावर. मग तिसरी.
मीटरचे दोनशे कोटी भाग कर,
त्यातला एक, एवढंच अंतर पदरापदरात.
आणि सगळे पदर आडवे, तंतूच्या लांबीला काटकोनात.

तो गप्प. मांडीवर त्याचं बोट
धोटा सरकावा तसं इकडून तिकडे, तिकडून इकडे.
मग म्हणाला, सगळा बाणाच सांगतेस.
ताणा कुठाय?

ताणा नाही, नान्ना.
बाण्यानंच बाण्याला धरलंय.

असला माल टिकतो?

साबणात उकळला तरी सुटत नाही.

विश्वास बसला नाही त्याचा. गोळ्या घेऊन झोपला.

पाचव्या दिवशी पाणी आलं, रात्री अडीचला.
बॅरल आडवं करून आई अर्धी आत शिरलेली,
काथ्यानं निळ्या प्लास्टिकवरचा बुळबुळीत थर घासत,
शिव्या तेलुगूत, कुणाला ते कळत नाही.
बाप लघवीची पिशवी सावरत उठला,
आत हात घातला,
अंगठ्यात नि बोटात तो थर चोळत राहिला,
गिऱ्हाइकासमोर चादरीचा पोत पाहतात तसा.
नळ सुरूच होता, घागर भरून पाणी वाहत होतं,
आई ओरडत होती.

घट्ट आहे, तो म्हणाला.