किरकोळ

हळदीच्या सौद्यात रुमालाखाली
बोटांनी भाव ठरतो. मी रुमालाच्या बाहेर,
मार्केट यार्डात, बाबगोंडा अण्णांच्या पेढीवर,
पिवळ्या पडलेल्या की-बोर्डापाशी.
हमाली, तोलाई, अडत,
पोत्यावर काय काय बसतं ते मला विचारा.

आणि मूठ.
सौद्याआधी जो तो पोत्यात हात घालतो,
हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, हुंगतो,
मोडलेलं हळकुंड खिशात जातं.
त्याची पावती नसते.
हैबती तोलार म्हणतो, "मुठीला कोण विचारतंय बाई,
पण सांजच्याला समद्यांचे खिसे झाडा,
एक पोतं निघंल."

तरी मी रात्री साडेदहाला,
विश्रामबागेतल्या खोलीवर, कपाळावरची पूड न पुसता,
चारशे नव्याण्णव रुपये महिना भरून
त्या दुसऱ्या गावात जाते.
दार उघडतं. भरलेत ना पैसे, उघडायलाच हवं.
आत गल्ली, गल्लीत दुकानं.
घोडा मिळाला, पण आयाळ वेगळी, एकोणनव्वद.
कंदील दिला, वात एकोणतीस.
नदीकाठच्या माझ्या घरावर पाऊस हवा असेल
तर एकोणसाठला आठवडाभर.

पाऊस मी घेतला.
हसा. पेढीच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर,
पुराची रेघ आहे, दोनदा रंग दिला तरी उमटते,
आणि मी मोजून एकोणसाठ रुपये देऊन
पाऊस विकत घेतला,
कारण तो सातव्या दिवशी
रात्री बाराच्या ठोक्याला थांबतो.

आमच्या टोळीत विट्याचा एक रणधीर आहे.
कोइमतूरला गलाईच्या दुकानात दिवसभर
लोकांचं मोडीचं सोनं मुशीत वितळवतो,
रात्री मोहरा विकत घेतो, शंभराला साठ.
"अरे, तू तरी," मी लिहिलं.
बराच वेळ त्याची तीन टिंबं नाचत राहिली.
"ताई, इथल्या सोन्यातला कणसुद्धा माझा नसतो.
झाडलोटीची राखपण मालक वजन करून ठेवतो."
मी उत्तर दिलं नाही.
एक ढाल पाठवली, भेट म्हणून.
एकशे एकोणीस.

मार्चअखेर. अण्णांची वही पैशापर्यंत जुळली.
शटर अर्धं ओढून मी माझं पासबुक काढलं.
बारा महिन्यांचे बारा आकडे सरळ उभे,
ओळखीच्या हमालांसारखे.
त्यांच्या पायांमधून मुंग्या.
एकोणतीस, एकोणनव्वद, एकोणतीस, नऊ.
नऊ कशाचे?
आठवेना.
बेरीज केली. पुन्हा केली, कारण बेरजेत मी चुकत नाही.
काट्यावर मुंग्या जड भरल्या.

राग यायला हवा होता.
कुणाचा, तेच शोधत बसले.
रुमालाखाली माझी बोटं होती, ती ओळखली.
पलीकडचा हात चाचपला.
त्याला बोटं किती
मोजता येईना.

मग खात्याला नाव काय द्यायचं?
करमणूक लिहिलं, खोडलं.
मुशाफिरी लिहिलं, ते जरा जास्तच झालं.
शेवटी आपलं पेढीवरचं जुनं:
किरकोळ.

रात्री पुन्हा गेले. जाणारच होते.
पाऊस संपलेला, अंगण खडखडीत,
वात नव्हती म्हणून अंधार.
दुकानदार हसला, त्याला तेवढंच येतं.
मी काही घेतलं नाही, म्हणजे त्या दिवशी नाही.
नदीकाठच्या पायरीवर रणधीर आला,
पाठीला ती ढाल,
आणि काही न लिहिता शेजारी बसला.

बसायला, अजून तरी,
काही पडत नाही.