उंचीचा रकाना

दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट तिनं पिशवीतून काढला,
घडीवर चुरलेला.
महाधमनी : चौतीस मिलिमीटर. नॉर्मल.
खाली सही माझीच.

हिरकण गांगुर्डे, वय एकोणचाळीस,
पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडते.
डाव्या कुशीवर वळली
तर पायाकडं हातभर टेबल रिकामं राहिलं.
जेल लावताना म्हणाली, "कोल्डरूमसारखं गार आहे बाई."

मुंबई नाक्यावरच्या या तिसऱ्या मजल्यावर
दिवसाला तीस हृदयं बघते मी,
आणि उंचीच्या रकान्यात
हात आपोआप एकशे पंचावन्न टाकतो.
कोण उठवणार पेशंटला पुन्हा,
कोण नेणार बाहेर, केमिस्टच्या दाराशी,
जिथं भिंतीवर पट्टी आहे
आणि खालचे आकडे पोरांनी खरवडलेत.

आज नेलं.
बहुतेक त्या हातभर रिकाम्या टेबलामुळे.
टाचा भिंतीला, मान सरळ.
एकशे सदतीस.
"शाळेत होते तेवढीच राहिले," ती म्हणाली,
"पाळी आली नाही कधी. सासरनं परत पाठवलं.
तेव्हा डॉक्टरांनी पोट बघितलं नुसतं.
छातीत कोण बघतंय."

वजन चाळीस.
गुणाकार, भागाकार, वर्गमूळ.
सव्वा चौरस मीटरही भरली नाही
बाईची सगळी कातडी.
त्यानं चौतीसला भागलं
आणि मी नॉर्मल लिहिलेलं
पडद्यावर लाल झालं.

नळी तीच होती.

"तुमच्याकडं कडी नसते का?"
त्यांच्याकडं असते, अठरा मिलिमीटरची.
मणी अडला तर परदेशी, निसटला तर इथल्याच बाजारात.
"मण्याला कुणी विचारत नाही, वेल केवढा होता."
"आम्हाला विचारावं लागतं," म्हटलं मी,
आणि खाली बघून प्रोब पुसत राहिले.

"सीझनचे पंधरा दिवस राहिलेत. मिळतील?"
मी डॉक्टरांच्या केबिनकडं बोट दाखवलं.
चपला शोधत ती उतरली,
आधी एक पाय लोंबकळता, मग उडी.
उडी नका मारू, म्हणायचं राहून गेलं.

संध्याकाळी जुनी यादी उघडली.
एकशे पंचावन्न.
एकशे पंचावन्न.
एकशे पंचावन्न.
सगळं नाशिक एका उंचीचं.

सिडकोतला एक नंबर लावला, मग सातपूरचा.
"मावशी, उंची किती हो तुमची?"
पलीकडं टीव्ही चालू होता.
"कोण बोलतंय?"