राळ

आधी बाह्या खाली कर, प्रीतेश.
मनगटाला रबर लाव, गळ्याशी बटण.
ऊन आहे, कळतं मला.
मे महिन्यात दिवाळ्याच्या बंदरावर
ओहोटीचा चिखलसुद्धा भेगाळतो.
पण ही काचेची चटई घामाचीच वाट बघत असते.
दिसते कशी, नव्या गादीतल्या कापसागत.
कात्री लागली की खाजकुयली.
खाजवू नकोस, आत जाते.
घरी गेल्यावर गार पाणी, नुसतं ओतायचं.
गरम नाही. चोळायचं नाही.
आणि हे कपडे धाकटीच्या झबल्यांत भिजवायचे नाहीत.
मी भिजवले होते एकदा.
तीन रात्री पोर रडलं
आणि आम्ही मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढत बसलो.

माझा आजा इथंच राळ उकळायचा.
राळ, तेल, कापूस; ठासायचा फळ्यांच्या फटीत.
त्याची राळ झाडाची. धुराला देवळाचा वास.
ही डब्यातली.
हिचा वास आधी गोड लागतो,
मग डोकं हलकं होतं,
मग माणूस उगाच हसतो.
कुणी उगाच हसायला लागला की
ब्रश टाक, त्याला वाऱ्यावर ने.
रुमाल बांधून भागत नाही.
हा दोन डब्यांचा मुखवटा घे,
आणि उद्यापासून दाढी करून ये,
खुंटांमधून हवा शिरते.

हार्डनर मिठासारखा, पण चवीपुरता नाही, मोजून.
शंभराला दीड. आज या उन्हात एकच.
हे जांभळं कोबाल्ट आधी राळेत, नीट ढवळून,
मग हार्डनर.
दोघांना एकमेकांचं तोंड दाखवायचं नाही.
सवती आहेत. भेटल्या की घर पेटतं.
उरलेली राळ पत्र्यावर पातळ पसर, उघड्यावर.
डब्यात राहिली तर मनात धरते, तापते.

लांबी भरून वाळली की ओल्या कागदानं घास.
कोरडं घासशील तर एका दुपारी म्हातारा होशील.
केसांतलं पांढरं धुतलं की जातं,
छातीतलं कोण धुणार?

चष्मा?
थांब.

तो बघ, जेट्टीच्या टोकाला जाळं शिवतोय, बुधाजी.
गाठ आधी बोटानं शोधतो, मग उजव्या डोळ्यानं.
गाव म्हणतं, डाव्यात शिंगाळ्याचा काटा गेला.
तोही तेच सांगतो.
अकरा वर्षं सांगतोय.

भरती चढत होती. अर्धी ‘जलसुंदरी’ उरली होती.
तो चष्मा शोधत होता
आणि मी म्हणालो,
“नवरदेव व्हायचंय काय तुला? ओत.”
मोहरीएवढा थेंब.
पाण्याचा पिंप दहा पावलांवर,
आणि रिकामा.

घाई माझी, अंगाशी आली त्याच्या.
गावभर माझ्या नावानं राळ उडायला हवी होती,
त्यानं उडू दिली नाही.

म्हणून हा पिंप मी रोज पहाटे भरतो.
बायको विचारते, कुणी वापरत नाही, मग कशाला?
मी उत्तर देत नाही, झाकण लावतो.
तुझ्या डोळ्यात काही गेलं तर
मला हाक मारत बसू नकोस,
डोळा बोटांनी उघडा धर आणि ओत,
ओतत राहा, जळजळ थांबली तरी ओत,
रिक्षा येईपर्यंत.

घातलास चष्मा?
सैल आहे.
जा, बुधाजीकडून पट्टा आवळून घे.
मागच्या पोराचाही त्यानंच आवळला होता.
माझे हात त्या जागी गेले की
अजून थरथरतात.