अर्धं कांबळं

सिडनीच्या दफ्तरखान्यात
वर्नामावशी हातमोजे घालत नाही.
"माझ्याच माणसांना हात लावायला?"

ब्रेवारिना. मे महिना. कांबळीवाटप.
कारकुनाची तिरपी, घाईची अक्षरं:
किट्टी. जमात माहीत नाही. कांबळं एक.
खाली, नावावाचून:
तिची पोर. कांबळं अर्धं.

मी जन्मसाल शोधते, बाप शोधते,
पुढचं पान मागते.
मावशीचं बोट तिथंच.

"ही माझी आई.
मरेस्तोवर पाय पोटाशी घेऊन झोपायची.
उन्हाळ्यातसुद्धा.
आम्ही म्हणायचो, खोडच आहे तिला."

टेबलावरची बाई हळूच सांगते,
पाच वाजता बंद होतं.
अजून काही हवंय का?

मावशी मान वर करत नाही.
"विचार तिला,
लांबीत कापायचे
की रुंदीत."