तीस नंबर

उद्यमबागेत, फाउंड्रीमागच्या गल्लीत
दुंडाप्पा मेस्त्रीनं बॉनेट उघडलं
आणि आधी वास घेतला.

मी नेलेला डबा नवा, महागातला.
त्यानं लेबल वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला,
"ह्या वयात हिला जुलाब देतोस काय रे?"

बावन्न सालची मॉरिस.
नंबर अजून मुंबई राज्याचा.
काका हिच्यातून संकेश्वरच्या मिरच्या आणायचे,
डिकीत हात घातला की आजही शिंक येते.

"फिल्टर असून नसल्यासारखा.
सत्तर वर्षांचा गाळ तळाला बसलाय गपगार.
धुणारं तेल घातलंस की सुटंल,
सुटला की नळीत अडकंल.
आन् काही सांधे त्या गाळानंच धरलेत, तम्मा."

फळीवरच्या गंजक्या डब्यातलं तीस नंबर
त्यानं दोन बोटांत चोळलं,
तार किती लांब जाते बघितलं.
बोलणं सगळं मराठीत;
थेंब मोजले मात्र
ओंदु, एरडु, मूरु.

सेल मारला.
टॅपेटची टकटक, टकटक,
मग शेजारच्या लेथचाच आवाज ऐकू यायला लागला.

माझा डबा परत हातात दिला,
"पोराच्या गाडीत घाल."

सकाळी अंगणात, नेहमीच्या जागी, एक थेंब.
एवढा पडणारच,
हे त्यानं पैसे घेतानाच सांगितलं होतं.