बोटाला चिकटलेली

दर तीन महिन्यांनी, शनिवारी दुपारी
डरहॅमकडच्या आमच्या खाणगावात
पुढच्या तिमाहीच्या जागा ठरायच्या.
कोण कोरड्यात, कोण गुडघाभर पाण्यात,
कोणाच्या डोक्यावर भरवशाचा खडक
आणि कोणाच्या डोक्यावर नुसताच खडक.

मालकाचा वशिला नको, मुकादमाची मर्जी नको,
म्हणून चिठ्ठ्या. खापरपणजोबांपासून चिठ्ठ्या.
माणसाच्या हाती न्याय टिकत नाही
हे त्यांना कळलं असावं. मग त्यांनी तो
टोपीत टाकला आणि हलवला.

काढणारा हात मात्र पोराचा हवा.
पोराच्या हाताला नातं ठाऊक नसतं, म्हणायचे.
(मला सहा काका होते. चार खाणीत.)

एकावन्न सालचा ऑक्टोबर. मी आठ वर्षांचा.
वाचनालयाची खोली, ओल्या लोकरीचा वास,
टेबलावर थर्लवेलसाहेबांची टोपी.
टॉफी एरवी काम झाल्यावर मिळायची.
त्या दिवशी आधीच मिळाली. का, कोण जाणे.
थर्लवेलांना खोकला होता, लवकर निघायचं असेल.

"पूर्वेची सातवी," त्यांनी पुकारलं.
खोली गप्प झाली. सातवी कशी आहे ते
मलासुद्धा माहीत होतं.
मी हात घातला, बाहेर काढला,
आणि बोटांना दोन चिठ्ठ्या.
एक अंगठ्याला, एक मधल्या बोटाला.

कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे छताकडे बघत होते,
किंवा बुटांकडे. थर्लवेल खोकत होते.
मी हात पुन्हा टोपीत नेऊन झटकला.
एक पडली.
जी कमी चिकटली होती ती.

उरली तीवर नाव: एल्विन नॅट्रस.
तो उठला, "बरं," म्हणाला,
जाताजाता मला डोळा मारला.
पाच चिठ्ठ्यांनंतर दुसरी आली,
कोपऱ्यावर टॉफीचा तपकिरी डाग घेऊन:
जोसाया पिकरिंग, उत्तरेची कोरडी.

जानेवारीत सातवी बसली.
नॅट्रस तेव्हा डबा उघडत होता म्हणे.
ईस्टरला त्याचं लग्न होतं.
पाद्री म्हणाले, देवाची इच्छा.
मी बाकावर बसून
माझ्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

पिकरिंग चौऱ्याऐंशी वर्षं जगला.
मनगटाएवढे लीक पिकवले,
कबुतरं पाळली, त्यातलं एक
फ्रान्सहून तीन आठवड्यांनी चालत परत आलं
असं तो शेवटपर्यंत सांगायचा. चालत.
त्रेपन्न साली त्याला मुलगी झाली, ऑड्री.
चौऱ्याहत्तर साली मी तिच्याशी लग्न केलं.

हिशोब तुम्हीच मांडा. मी मांडून थकलोय.
आमचे दोन मुलगे, तीन नातवंडं,
त्यातल्या एकाची डावखुरी गोलंदाजी,
स्वयंपाकघरातली ही पिवळी भिंत,
सगळं एका डागाच्या पोटी जन्मलेलं.
आणि पलीकडच्या रकान्यात
नॅट्रसची न झालेली पोरं.
त्यांची नावं कोणी ठेवलीच नाहीत,
मग हाक तरी कशी मारू?

सांगितलं का हिला? नाही.
पन्नास वर्षं जीभ उचलली आणि ठेवली.
काय सांगणार? तुझा बाप वाचला
कारण त्याची चिठ्ठी जरा कोरडी होती?
मी निवड केली असती तर पाप तरी झालं असतं.
पापाला कबुली असते.
याला काय असतं?

खाण बुजवली, वर गवत आहे, मेंढ्या आहेत.
रविवारी धाकटी नात सापशिडी मांडते.
जॅमचा पाव खाऊन तशीच बसते,
फाशाकडे हात नेते.
थांब, म्हणतो मी. आधी हात धुऊन ये.
साबण लावून. अंगठासुद्धा.

ऑड्री हसते.
म्हणते, म्हातारपणी ह्याला
स्वच्छतेचं खूळ लागलंय.